साडेपाचचं निरीक्षण

धुक्यामुळे विमान रखडलं की प्रवाशाचा पहिला संशय वैमानिकावर जातो. काचेपलीकडे विमान उभं दिसत असतं, शेपटीवरची निशाणी दिसते, सामानाच्या गाड्या ओढणारा पोरगा दिसतो. मग हा बाबा विमान काढत का नाही? आमच्या गावातले काही जण आताशा विमानाने ये-जा करतात आणि अशा सकाळी त्यांतला कुणी ना कुणी मला फोन लावतो. कारण मी हवामान खात्यात होतो आणि नोकरीचा बराच काळ नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर निरीक्षणं घेण्यात गेला. "भाऊ, इथून त सारं दिसून राहिलं ना!" दिसत असेल. काचेपासून विमान पन्नास-शंभर मीटरवर असतं. धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते त्या काचेतून कुणालाच दिसत नाही. पण माणूस एकदा शेपटी बघून बसला की उरलेली धावपट्टी तो मनानेच मोकळी करून टाकतो.

हे मनाने मोकळं करून टाकणं माझ्या नोकरीतला रोजचा शत्रू होता. त्याबद्दलच लिहायचं आहे.

विमानतळावरचं हवामान दर अर्ध्या तासाला लिहून पाठवावं लागतं. जगभर हे काम एकाच घड्याळावर चालतं, ग्रिनिचच्या. तिकडे शून्य वाजले की आपले पहाटेचे साडेपाच. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत धुकं धरतं तेही साधारण याच सुमाराला, त्यामुळे साडेपाचच्या निरीक्षणाला मान फार आणि झोप कमी. आधी स्टीव्हन्सन स्क्रीनकडे जायचं. चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, भिंती झडपांच्या. आत दोन तापमापक शेजारी-शेजारी. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली, चिंधीची वात खाली पाण्याच्या बाटलीत. टॉर्च मारून आधी दशांशाचा आकडा वाचायचा, मग पूर्णांकाचा. कारण तोंडाची वाफ आणि अंगाची ऊब लागली की पारा लगेच हलतो. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातलं अंतर मिटत आलं म्हणजे हवेत आता आणखी पाणी मावत नाही. वारा अगदीच पडलेला असला तर बहुधा नुसतं दव पडून भागतं. गालाला जाणवेल न जाणवेल इतका वारा असला की जमिनीलगतचा गारवा थोडा वर कालवला जातो आणि धुकं धरतं. पाऊस जोरात झालेलं वर्ष, ओली जमीन, निरभ्र आभाळ आणि हा एवढासा वारा, एवढं जुळून आलं की मी गच्चीवर जायच्या आधीच समजायचो.

समजायचो, पण लिहायचो नाही. लिहायचं ते गच्चीवर जाऊन, डोळ्यांनी बघून. प्रत्येक निरीक्षकाकडे आसपासच्या खुणांचा एक नकाशा असतो: कुठलं हँगर किती मीटरवर, पाण्याची टाकी किती, दूरची चिमणी किती. रात्री याच्या जागी दिवे, ज्यांची अंतरं ठरलेली आहेत असे. चारी बाजूंना वळून बघायचं आणि निम्म्याहून कमी नाही एवढ्या क्षितिजावर जितकं दूरचं दिसतं ते अंतर कागदावर उतरवायचं. आठशे मीटरच्या आत पन्नास-पन्नासच्या पायऱ्या, त्यापुढे पाच किलोमीटरपर्यंत शंभर-शंभरच्या. हजार मीटरच्या खाली गेलं की ते धुकं. हजाराच्या वर असेल तर त्याला धुकं म्हणायचं नाही, मग लोक काही म्हणोत. 'बऱ्यापैकी दिसतंय' असा रकाना कुठेच नाही.

गच्चीवरची खरी अडचण वेगळीच. टाकी कुठे आहे ते मला वर्षानुवर्षं ठाऊक. त्या दिशेला बघितलं की धुक्यातही तिचा गोल मला दिसायला लागायचा. दिसायचा म्हणजे, असायचा. आहे म्हणून माहीत असलेली वस्तू डोळा स्वतःच काढून दाखवतो. म्हणून आमच्या एका ज्येष्ठ साहेबांनी सुरुवातीलाच सवय लावली होती: टाकीकडे बघायचं नाही, तिच्या शिडीकडे बघायचं. शिडी ओळखू आली तर टाकी दिसली. नुसता काळसर गोल म्हणजे आठवण.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं डिसेंबरात आणि धुक्याचा हंगामही तोच. त्या दिवसांत आमच्या खोलीतला फोन जरा जास्त वाजायचा. एकदा कुणा बड्या माणसाच्या दौऱ्याचं बघणाऱ्या गृहस्थांनी फार अदबीने विचारलं होतं, "साहेब, आठशे लिहिलंय तुम्ही. हजार नाही का होणार?" मी म्हटलं, "होईल ना. होऊ द्या, लगेच लिहितो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "तसं नाही, आत्ताच." यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखी हीही एक नोंद, बोलून-चालून बदलते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी फोन ठेवून परत गच्चीवर गेलो. सूर्य वर येत होता आणि धुकं आणखी दाटलं होतं. असं होतं, सकाळचं पहिलं ऊन जमिनीला लागलं की खालची हवा हलते, दव वर निघतं आणि धुकं विरण्याआधी एकदा चांगलं घट्ट होतं. मी सहाशे लिहिलं. नंतर फोन आला नाही.

अर्थात वैमानिक उड्डाणाचा निर्णय घेतो तो माझ्या गच्चीवरच्या आकड्यावर नव्हे, निदान मोठ्या विमानतळांवर तरी नव्हे. त्याच्यासाठी धावपट्टीच्या कडेला यंत्रं बसवलेली असतात: सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटाकडे एक. एका डब्यातून उजेड सोडायचा, ठरावीक अंतरावरच्या दुसऱ्या डब्यात तो किती पोचला ते मोजायचं आणि त्यावरून, दिव्यांचा प्रखरपणा हिशेबात धरून, वैमानिकाला धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसेल ते काढायचं. याला आरव्हीआर म्हणतात, म्हणजे धावपट्टीवरची दृश्यमानता. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज (एनएएल) या संस्थेने बनवलेलं असं एक भारतीय यंत्र आहे, नाव 'दृष्टी'. हवामान खात्याने ते बऱ्याच विमानतळांवर बसवलं आहे. धावपट्टीचे दिवे झगझगीत असतात, म्हणून पहाटे गच्चीवरून मला शंभर मीटर दिसत असतानाही आरव्हीआर अडीचशे येऊ शकतो. नव्या पोरांना हे खोटं वाटायचं. खोटं नसतं. मी हँगरची भिंत शोधत असतो, वैमानिक दिव्यांची ओळ शोधत असतो.

निवृत्तीनंतर मी गावी आलो, गोंदिया जिल्ह्यात. धानाचा मुलूख, जिथे तिथे तलाव आणि बोड्या, त्यामुळे धुवारीला, म्हणजे धुक्याला, इथे पाण्याची ददात नाही. धान कापून झालं की बांधीतल्या ओलीवर लाखोळी वर येते, धुऱ्यावर तूर फुलोऱ्यात असते आणि सलग दोन-चार दिवस धुवारी पडली की तुरीचा फुलोरा गळतो म्हणून माणसं आभाळाकडे बघून शिव्या देतात. बिरसीचं विमानतळ आमच्यापासून जवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली धावपट्टी, आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. 2022 पासून प्रवासी विमानंही यायला लागली, मध्ये थांबली, पुन्हा सुरू झाली. पण आमचा संबंध शिकाऊ विमानांशी. डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर पाच किलोमीटर दिसायला लागतं, तो नियम या पोरांना लागू. त्यामुळे थंडीत सकाळी आभाळ चिडीचूप असतं आणि मग कधीतरी नऊ-साडेनऊला पहिलं छोटं इंजिन गुरगुरतं. "धुवारी फाकली," असं म्हणत बायका उडदाच्या वड्या वाळायला टाकतात. गावात कुणीही घड्याळ बघत नाही.

माझी पुतणी याच आवाजाखाली वाढली. पुढे शिकून वैमानिक झाली, आता एका मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक आहे. डिसेंबरात सुटी मिळाली की गावी येते. ती आली की आम्ही दोघं सकाळी बांधीकडे जातो, आणि वाटेत बोलणं होतं ते तिच्या आईला फारसं आवडत नाही, कारण ते बहुतेक अपघातांचं असतं.

गेल्या खेपेला धुवारी एवढी होती की घरातून निघताना शेजारच्या गोठ्यातली म्हैस नुसती ऐकू येत होती. डांबरी रस्त्याला लागलो. कडेने विजेचे खांब, दोन खांबांत पन्नासेक मीटरचं अंतर.

"किती?" मी विचारलं.

तिने खांब मोजले. "तीन. दीडशे धरा."

"चौथा नाही दिसत?"

"आहे ना तिथं चौथा. म्हणूनच सांगून नाही राहिली," ती म्हणाली. "माहीत आहे म्हणून दिसल्यासारखा वाटते तो."

मला टाकीची शिडी आठवली आणि बरं वाटलं. आमच्या घराण्यात आणखी कुणाला तरी ही खोड आहे.

दीडशेत तुम्ही निघता का, असं मी तिला विचारलं. तिने सांगितलं ते असं. दिल्लीसारख्या विमानतळावर, मध्यरेषेचे दिवे, कडेचे दिवे, मोजणारी यंत्रं सगळं जागेवर असेल आणि वैमानिकांना तसं खास प्रशिक्षण असेल तर 125 मीटर आरव्हीआरलाही उड्डाण करता येतं. अशा उड्डाणाला विमान कॅप्टननेच न्यायचं, सहवैमानिकाने नाही. अशा वेळी पुतणी बाहेर बघत नाही, तिचे डोळे आतल्या काट्यांवर. धावपट्टीवर वळून उभं राहिलं की कॅप्टन आधी समोरचे दिवे मोजतो. मध्यरेषेच्या दिव्यांत पंधरा मीटरचं अंतर असेल तर 125 म्हणजे आठ दिवे. यंत्राने काही का सांगितलेलं असेना, डोळ्यांना आठ दिवे दिसत नसतील तर निघायचं नाही. मग इंजिनांना जोर द्यायचा. वेग वाढतो तसे दिवे विमानाच्या पोटाखाली ओढले जातात. ताशी 250 किलोमीटरला विमान सेकंदाला सत्तर मीटर कापतं, म्हणजे समोर जे दिसतंय ते पुढच्या पावणेदोन सेकंदांपुरतं. आणि कॅप्टनचा हात सगळा वेळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, थ्रस्ट लिव्हरवर असतो, कारण काही बिघडलं तर लिव्हर मागे ओढून थांबायचं आहे. ती काट्याकडे बघत ठरलेल्या वेगाला 'व्ही-वन' असं म्हणते आणि त्या शब्दाला कॅप्टन हात उचलून घेतो. मुद्दाम उचलतो. कारण त्या वेगानंतर उरलेल्या धावपट्टीत थांबता येत नाही आणि लिव्हरवर हात राहिला तर घाबरून तो मागे ओढला जाण्याची भीती.

हे सांगताना तिने चालता-चालता स्वतःचा उजवा हात समोर धरून वर उचलून दाखवला. मला सगळ्यात आवडलं ते हे. निर्णय घ्यायची वेळ कुठे संपते हे या लोकांनी वेगाच्या आकड्यात लिहून ठेवलंय, आणि वर माणसाच्या हातालाही शिकवलंय.

आता इथे एक गंमत आहे. उतरताना नियम सैल असतील आणि उडताना कडक, असं कुणालाच वाटत नाही. पण दिल्लीच्या धुक्यात, कॅट-थ्री-बी म्हणतात तशी अगदी कमी दिसत असताना उतरवणारी व्यवस्था असेल तर, 50 मीटर आरव्हीआरलाही विमान उतरू शकतं. उतरतं म्हणजे यंत्र उतरवतं. वैमानिक लक्ष ठेवतो. उड्डाणाला मात्र असा स्वयंचलित मार्ग बहुतेक प्रवासी विमानांत नाही. ते हाताने, डोळ्यांनी. एअरबसने 2019 च्या डिसेंबरात तुलूझला कॅमेऱ्याच्या मदतीने विमान आपोआप उडवून दाखवलं, पण तो प्रयोग. त्यामुळे 50 आणि 125 च्या मध्ये आकडा अडकला की विमानं येत राहतात आणि निघत नाहीत. उभं राहायला जागा पुरेनाशी होते, मग येणारीही दुसरीकडे वळवावी लागतात. आपल्याकडे रात्री टीव्हीवर 'धुक्याचा फटका' अशी पट्टी फिरते तिच्यामागे पुष्कळदा ही जागेची कोंडी असते.

बाकीच्या ठिकाणी नेमकं उलटं. साधी, कॅट-वन व्यवस्था असलेल्या विमानतळावर उतरायला साधारण 550 मीटर लागतात. उड्डाणाची परवानगी मात्र दिवे चांगले असतील तर त्याहून खूप खालच्या आकड्याला मिळू शकते. म्हणजे निघता येतं, परत येता येत नाही. निघाल्यावर पाचव्या मिनिटाला एक इंजिन बंद पडलं तर? म्हणून नियम असा: जिथून निघालो तिथे परत उतरता येण्यासारखं नसेल तर एका इंजिनावर तासाभरात पोचता येईल असं दुसरं विमानतळ आधीच ठरवून, कागदावर लिहून निघायचं, आणि तिथलं हवामान उतरण्याजोगं असायला हवं. नागपूरहून निघायचं तर रायपूर, भोपाळ, हैदराबाद यांतलं काहीतरी. खिडकीत बसलेल्या माणसाला वाटतं, नागपूरचं धुकं विरळ झालंय, आता काय अडलं? अडलेलं असतं रायपूरला.

धुक्यातला निर्णय असा आधीच बराचसा घेऊन ठेवलेला असतो, उजेडात, टेबलाशी बसून, ज्यांना कुठेही जायची घाई नाही अशा माणसांनी. हे मला पूर्वी जरा भित्रेपणाचं वाटायचं. अनुभवी माणसाला आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवू द्यावा की. पण टेनेरिफचा अहवाल वाचल्यापासून तसं वाटत नाही.

27 मार्च 1977. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं टेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली. तो सहाशे मीटरहून उंचावर, तिथे धुकं म्हणजे प्रत्यक्षात सरकणारे ढग; आत्ता दिसतंय, मिनिटाने नाही. जागा भरून गेल्यामुळे विमानांना शेजारच्या ये-जा करायच्या वाटेऐवजी (टॅक्सीवेऐवजी) धावपट्टीवरूनच दुसऱ्या टोकाला जावं लागत होतं. केएलएम या डच कंपनीचं जंबो विमान टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. त्याच्या मागोमाग पॅन-ॲम या अमेरिकन कंपनीचं जंबो त्याच धावपट्टीवर येत होतं. एकमेकांना दिसत नव्हते, नियंत्रण मनोऱ्याला दोघेही दिसत नव्हते आणि जमिनीवरचं रडार तिथे नव्हतंच. केएलएमचे कॅप्टन याकोप फेल्डहाऊझेन फान झान्टेन हे कंपनीतले नावाजलेले, इतरांना शिकवणारे वैमानिक. कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत चाललेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्यांनी विमान धावपट्टीवर धावायला सोडलं. पॅन-ॲम अजून धावपट्टीवर असल्याचं ज्या क्षणी रेडिओवर सांगितलं जात होतं, त्याच क्षणी मनोराही बोलत होता; दोन्ही आवाज एकमेकांवर चढून नुसती शिट्टी ऐकू आली. 583 माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त माणसं दगावलेली नाहीत.

या अपघाताबद्दल लिहिताना सगळे त्या शिट्टीपाशी थांबतात. मी थांबतो तो नंतरच्या काही सेकंदांपाशी. विमान धावायला लागलं होतं आणि मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो पॅन-ॲमवाला अजून बाजूला झालेला नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालाय. इंजिनिअर गप्प बसला. कॅप्टन खोटं बोलत नव्हता. त्याला मोकळी धावपट्टी दिसत होती. समोर राखाडी भिंत आणि तिच्यात त्याने स्वतः भरलेली मोकळी धावपट्टी. हजारो तासांच्या अनुभवाने ती आणखी स्पष्ट दिसत असणार. नवखा माणूस कदाचित थांबला असता.

मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 ला असंच झालं: धुकं, जमिनीवरचं रडार चालू नाही, एक छोटं विमान चुकीच्या वाटेने धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणारं एसएएस या कंपनीचं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. 118 माणसं. उड्डाण करणाऱ्यांचं तिथे काहीही चुकलेलं नव्हतं. म्हणून धुक्यात मला हवेतल्या विमानाची काळजी कमी वाटते आणि जमिनीवरच्या विमानाची जास्त.

टेनेरिफनंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक मोठी गोष्ट आली: धाकट्याने बोलायचं आणि थोरल्याने ते ऐकून घ्यायचं, याचा रीतसर सराव. माझी पुतणी ज्या घरात वाढली तिथे हे सोपं नव्हतं. आमच्याकडे जेवायला बसलेल्या मोठ्या माणसाला भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा पोरं सांगत नाहीत, बाप्पा, कोण बोलणी खाईल? तिला मी एकदा विचारलं, तू 'सर, थांबा' म्हणतेस का?

"सर म्हणायला वेळ नाही राहत, मोठे बाबा. 'स्टॉप' म्हणतो."

"आणि ते थांबतात?"

"थांबलेच पाहिजेत. नंतर भांडायचं असन त भांडा."

बांधीवर पोचलो तोवर धुवारी उलट दाटली होती. धुऱ्यावरच्या तुरीची पहिली चार-पाच झाडं तेवढी दिसत होती. तिने फांदी हलवून बघितली, फुलं गळतात का म्हणून. थोडी गळली. मग तिने त्याच महिन्यातली एक सकाळ सांगितली.

कुठलं तरी विमानतळ, नाव मी विचारलं नाही. आरव्हीआर दोनशे, उड्डाणाच्या मर्यादेच्या वर. परत येऊन उतरण्याइतका नाही, म्हणून तासाभराच्या आतलं दुसरं विमानतळ कागदावर लिहिलेलं, तिथे आठशे. दरवाजे बंद, इंजिनं सुरू, पिवळ्या जीपच्या मागे-मागे धावपट्टीजवळ येऊन थांबले. पुढे तीन विमानं. रांगेत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्या दुसऱ्या विमानतळाचा नवा अहवाल आला आणि आकडा एकदम पडला. दुसरा पर्याय जवळपास नव्हता. पुढचं विमान निघून गेलं; त्यांचा पर्याय वेगळा असेल. प्रवाशांना खिडकीतून ते गेलेलं दिसलं. नियम सरळ होता, तरी कॅप्टनने तिला विचारलं, "काय करूया?" तिने सांगितलं, परत जाऊ. कॅप्टन म्हणाले, हो, मीही तेच म्हणणार होतो. विमान वळवून परत जागेवर आणून लावलं. केबिनमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कौतुकाच्या नव्हेत. एक बाई रडत होत्या, त्यांना कुणाच्या तरी मातीला पोचायचं होतं. दोन तासांनी यांच्या कामाचे तास संपले, दुसरे वैमानिक आले आणि लख्ख उन्हात तेच विमान घेऊन गेले.

"त्या बाईला काय सांगितलं?"

"काय सांगणार? सॉरी म्हटलं. रायपूर-फायपूरचं त्यांना का सांगू मी."

"नियम नसता तर?" मी विचारलं. "म्हणजे पर्यायी विमानतळाची अट नसती, फक्त इथले दोनशे असते आणि ती बाई असती."

ती बराच वेळ तुरीच्या शेंगा चाचपत राहिली. "मग निघालो असतो बहुतेक," ती म्हणाली. "आणि पोचलोही असतो. इंजिन काऊन बंद पडते रोज?"

हे उत्तर मला पटलं. कारण खरं ते हेच आहे. अशा शेकडो सकाळी निघून गेलेली विमानं सुखरूप पोचली असती, थांबलेल्या विमानांना कधीच सिद्ध करता येत नाही की थांबणं बरोबर होतं. वैमानिकाच्या कारकिर्दीत न केलेल्या उड्डाणांची वही कुणी ठेवत नाही; लॉगबुकात फक्त उडालेले तास असतात. आमच्या खात्यात निदान सहाशे लिहिले तर सहाशे राहतात, शंभर वर्षांनी कुणी उघडून बघू शकतं.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. "तिथला आकडा आठशेवरून एकदम किती झाला?"

"साडेतीनशे."

"अर्ध्या तासात? मध्ये विशेष अहवाल नाही आला?"

"नाही आठवत."

"यंत्राचा होता का माणसाचा?"

ती हसायला लागली. "मोठे बाबा, ते कसं माहीत असन मले? आकडा आला, वाचला, वळलो."

"विचारायचं असतं," मी म्हटलं. "आठशे लिहिणाऱ्याने शिडी पाहिली होती की टाकी, ते विचारायचं असतं."

"कोणती टाकी?"

मग परत येताना तिला टाकीचं सगळं सांगावं लागलं. रस्त्यावर आलो तेव्हा चौथा खांब दिसायला लागला होता, तारांसकट.